उर्पोचे रानकोंबडे आणि मुकं यंत्र

...आणि तो संगणक एक शब्द बोलला नाही हो! तुम्हाला सांगते, आमच्या कुह्मो गावात माणसं बोलत नाहीत ते चालतं, कुणी गप्प बसलं की सगळं ठीक आहे असं धरायचं, जन्मभर मी तेच धरत आले, पण यंत्रानंसुद्धा?

झालं काय, आमच्या पक्षीकेंद्रातला उर्पो यंदा निवृत्त होतोय, आणि जाता जाता चौदा दिवस पहाटे दलदलीत पालथं पडून त्यानं रानकोंबड्यांच्या मारामाऱ्या ध्वनिमुद्रित केल्या. मारामाऱ्या म्हणजे... चोची, नख्या, फाटलेले पंख, एकाचा तर डोळाच फुटला असणार, ऐकताना मी दोनदा खुर्चीवरून पडले. टेकडीवर ध्वनिमुद्रण मी केलं, त्या फायली माझ्या. दोन्ही एका फोल्डरमध्ये घालायच्या, तेही काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून, कारण माऊस वापरणारी माणसं उर्पोला आळशी वाटतात. आणि आमची ध्वनिमुद्रणाची यंत्रं अशी अडाणी, की प्रत्येक यंत्र फायलींना एकपासूनच नंबर देतं! मागच्या वर्षी नंबर सारखे म्हणून त्याच्या घुबडांच्या फायलींवर माझे बेडूक चढले, घुबडं जागीच ठार. तेव्हा तो म्हणाला, "पोरी, पुन्हा नको." वर्षातलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य.

म्हणून यंदा मी हुकुमाला 'मायनस एन' जोडलं. म्हणजे त्या नावाची फाइल तिथे आधीच असेल, तर तिच्या केसालाही धक्का लावू नकोस. आधी माझी टेकडी घातली, मग त्याची दलदल, एंटर दाबलं... एक शब्द नाही. गप्प म्हणजे ठीक, नाही का? मी दलदलीचं मूळ फोल्डर पुसून टाकलं. ध्वनियंत्रांतली मेमरी कार्डं तर कधीच कोरी करून जंगलात परत गेलेली.

उघडते तर आत नुसती माझी टेकडी. वारा. चौदा दिवसांचा वारा! मेल्यानं प्रत्येक नंबराला 'आधीच आहे' असं मनातल्या मनात म्हणत उर्पोचा एकेक कोंबडा दारातूनच हाकलला होता, आणि मला एक शब्द नाही!

रडत रडत उर्पोला सांगितलं. तोही एक शब्द बोलला नाही. संगणक काखोटीला मारला, वाटेत कुऱ्हाड उचलली, अंगणात गेला.

बाहेर धाड, धाड, काचा हादरतायत, प्रत्येक घावाला मी दचकतेय, आणि तशातच काजानीच्या दुरुस्तीवाल्या सिर्पाला फोन लावला. ती हसली. म्हणाली, "घाबरतेस काय तूलिया, पुसलेलं लगेच मरत नाही, डिस्कवर असतं सगळं. मी काढून देते. फक्त मी येईपर्यंत कुणी यंत्राला हात लावू नका."

खिडकीबाहेर उर्पो संगणकाचे तुकडे बर्चच्या ओंडक्यांवर रचत होता. नीट, आकारानुसार.

"नाही," मी म्हटलं, "आता कुणी नाही लावणार."