पायाखालचं भोक

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं गॅरेजच्या बाकावर बसलो होतो. आमच्या गाडीचा तळ गंजून त्याला भोक पडलं होतं. आमच्या पुढे एक आजी त्यांच्या तशाच गंजलेल्या गाडीबद्दल मिस्त्रीशी बोलत होत्या.

"दारांची भोकं तेवढी बुजवा. ड्रायव्हरच्या पायाखालचं भोक राहू द्या."

"अहो आजी, पाय रस्त्याला लागेल! तेलाच्या डब्याचा पत्रा लावतो, स्वस्तात होईल."

"मागं लावला होतात की. सकाळी बघते तर उखडलेला."

"उंदीर असेल."

"उंदराची बोटं उमटतात का पत्र्यावर? खालून ढकलल्यासारखी पाच बोटं होती. अंगठा अर्धाच."

"आजोबांचा होता तसा? पण आजोबा तर गेले ना..."

"म्हणून तर सांगते. येऊ दे बापड्यांना."

"बरं. सोडतो."

बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "मी असा आलो तर चालेल का गं तुला?"

तेवढ्यात मिस्त्रीने आम्हाला हाक मारली.

बाबांचं सगळं आटोपल्यावर गाडी आणायला मी एकटीच गेले.

"ताई, तळ एकदम पक्का केलाय. मुंगीसुद्धा शिरणार नाही."

"तो पत्रा काढून टाका."

"अहो, पण का?"

ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे बघत मी मोठ्याने म्हणाले, "चालेल, बाबा. या."