कोणती पाचर काढायची

जबाब देणार वखारीतला करवत्या, ओळखीचे नाव भगत, वय एकोणपन्नास, काम लाकूड कापणे, राहणार वखारीच्या मागच्या खोल्यांपैकी शेवटची.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, मी वरील ठिकाणी आई व बायकोसह राहतो. वखारीचे मुकादम हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे दाजी. मला हे काम त्यांनीच लावून दिले. हमाल विंचू याच्याशी माझे नाते नाही. जीभ तिखट म्हणून त्याला हे नाव पडले. मारामारीच्या प्रकरणात त्याने पूर्वी शिक्षा भोगली आहे, हे वखारीत सर्वांना माहीत आहे.

काल सकाळी करवतीचे पाते बदलायचे असल्याने यंत्र बंद होते, त्यामुळे बोलणे स्पष्ट ऐकू येत होते. आमच्याकडे ओंडक्यांचा ढीग उतारावर रचतात व खालच्या ओंडक्याला पाचर ठोकून तो अडवतात. मुकादमांनी सांगितल्याशिवाय त्या पाचरीला कोणी हात लावत नाही. विंचूचे म्हणणे होते की ढीग फार उंच झाला आहे, आधी वरचे ओंडके उतरवू. दाजींना घाई होती. ते म्हणाले, "प्रत्येक कामात तुझी पाचर असतेच. ती काढ आधी." एवढे बोलून ते माप घ्यायला ढिगाच्या पुढे गेले.

विंचू बाजूला पाचरीपाशी खाली वाकला होता. तिथून त्याला दाजी दिसत नव्हते. त्याने विचारले, "काढू ना, मुकादम?" दाजी पलीकडून म्हणाले, "किती वेळा सांगू? काढ."

मला दोघेही दिसत होते. दाजी कोणत्या पाचरीबद्दल बोलतात आणि विंचू कोणत्या, हे माझ्या लक्षात आले आणि मला हसू आले. मी ओरडेपर्यंत हातोडा बसला होता.

ओंडका दाजींच्या पायावर आला. विंचू पळाला नाही. आम्ही दोघांनी पहारीने ओंडका उचलून धरला व त्यानेच दाजींना पाठीवर घेऊन गाडीपर्यंत नेले. दाजी वाटभर त्याला शिव्या देत होते. विंचूला गप्प झालेले मी प्रथमच पाहिले.

हा माणूस मुळातच वाईट आहे काय, असे साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, दाजींचे मत तसे आहे, आणि ते एकट्या विंचूबद्दल नाही. माणूस धाकाच्या पाचरीवर उभा असतो, ती काढली की अंगावर येतो, असे ते नेहमी म्हणतात. दवाखान्यातही त्यांनी मला तेच ऐकवले. मला ते पटत नाही. ओंडका घरंगळतो तो मनात पाप असते म्हणून नाही. तो गोल असतो आणि जमीन उताराची असते. तो उतारही आम्हीच केला आहे, ओढायला सोपे जावे म्हणून. देवाने माणसाला राग दिला, तशी हातोडा मारण्याआधी विचारायची बुद्धीही दिली. विंचूने विचारले होते.

काल संध्याकाळी ताई माझ्याकडे आली. चूक मुकादमांची ठरली तर मालक त्यांना ठेवणार नाहीत, असे तिने सांगितले. ती म्हणाली, "खोटं बोल म्हणत नाही रे. ऐकू आलं नाही, एवढंच सांग." मी तिला चहा दिला. ती न पिता गेली.

मला ऐकू आले होते.

वर आधी विंचूने 'रागाच्या भरात' हातोडा मारला असे लिहिले गेले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले आहे. जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडे असल्याने बाहेर बाकावर बसलेल्या माझ्या बहिणीलाही तो ऐकू गेला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.