वर पंख, खाली पंख

आत्या: मग त्या पुस्तकात तू काय लिहिणार? विमानांच्या दोन्ही कंपन्या एकाच घरातून निघाल्या म्हणून?

भाची: निघाल्याच ना. बाबांना विचारलं, तर म्हणाले, सुरुवातीचं सगळं तुझ्या आत्याला विचार. तिचं डोकं माझ्यापेक्षा शाबूत आहे.

आत्या: लबाड. बावीस वर्षांत एक फोन नाही.

भाची: तू तरी कुठे केलास?

आत्या: नाही केला. ही खिडकी बघ. नुसता पंख दिसतोय. खालची नदी बघायची, तर याला म्हणावं लागेल, बाबा रे, जरा सरक.

भाची: बाबांच्याच कंपनीचं विमान आहे हे. पंख खाली, इंजिनं शेपटीशी.

आत्या: माहीत आहे मला. फक्त बसले नव्हते कधी. आवाज करत नाही फारसा. ढगात आहोत का आपण?

भाची: हो. तू सांग ना पहिल्यापासून.

आत्या: पहिल्यापासून म्हणजे होड्याच. आमचे मालक होड्या बांधायचे. एका पुरात पूल गेला आणि पलीकडच्या गावांना औषध पोचेना. तेव्हा त्यांनी होडीच्याच लाकडाचं विमान केलं. मी एकोणीस वर्षांची, ड्रॉइंगच्या टेबलावर. तुझा बाप सतरा वर्षांचा, लाकूड तासायला. ते पहिल्यांदा पाण्यावरून उठलं ना, तेव्हा त्याच्या पोटातून पाणी निथळत होतं, आणि त्या पाण्यात ऊन. आम्ही सगळे तोंड वर करून भिजत उभे. चिमण्या तर रडला.

भाची: चिमण्या?

आत्या: तुझा बाप. सांगितलं नाही वाटतं कधी.

भाची: आणि दुसरी कंपनी?

आत्या: मालकांच्या जावयाची. त्याचा बसच्या बॉड्या बांधायचा कारखाना होता. तो म्हणायचा, लोकांना लवकर पोचायचंय. सासरे म्हणायचे, लोकांना आपल्या गावी उतरायचंय. शेवटी त्याने नदीच्या त्या काठावर आपली वेगळी शेड घातली, आणि तुझा बाप धातूचं काम शिकायला म्हणून तिकडे गेला.

भाची: तेव्हा भांडलात?

आत्या: छे. तेव्हा तर मजा होती. आम्ही एकोणीस खुर्च्यांचं केलं, की त्यांनी तीस खुर्च्यांचं केलं. आम्ही छत्तीस, तर ते पन्नास. दोन जावांची चुरस असते ना, तशी. दर रविवारी तुझा बाप जेवायला यायचा आणि ताटात बोटाने पंख काढून वाद घालायचा. माझा पंख वर, म्हणजे गवतावर उतरताना खडा उडाला तरी इंजिनाला लागत नाही. त्याचा खाली, पण त्याला लांबलचक पक्की धावपट्टी लागणार. मग गावोगावी पक्क्या धावपट्ट्या झाल्या. आमच्याकडे कुणी फिरकेना.

भाची: कारखाना बंद झाला त्या दिवशीचं मला आठवतं. मी आठ वर्षांची होते, जिन्यात उभी होते.

आत्या: ऐकलंस तू?

भाची: तू बाबांना म्हणालीस, आमच्या चारशे माणसांच्या पोटावर पाय देऊन तुझं विमान उडतंय.

आत्या: हं.

भाची: ते काहीच बोलले नाहीत.

आत्या: बोलला असता तर बरं झालं असतं. मी दार लावून घेतलं. नंतर वाटायचं, उघडावं. पण लावलेलं दार बाहेरच्याने वाजवावं, असं मला वाटत राहिलं.

भाची: आत्या, तुमचा कारखाना बंद झाला, तरी तुझी विमानं अजून उडतात. त्यांचे सुटे भाग कोण बनवतं, कधी विचारलंस?

आत्या: असेल कुणीतरी.

भाची: बाबांची कंपनी. तुझी सगळी ड्रॉइंगं रद्दीत निघाली होती. बाबा ट्रक घेऊन गेले आणि उचलून आणली. मग वरच्यांशी भांडून एका कोपऱ्यात चार माणसांचा विभाग काढला. निवृत्त होईपर्यंत तोच सांभाळला. मला हे कंपनीच्या कागदांत सापडलं, त्यांनी सांगितलं नाही.

आत्या: माझी ड्रॉइंगं?

भाची: कोपऱ्यात तुझी सही असलेली.

आत्या: थांब जरा. बोलू नकोस.

भाची: बरं.

आत्या: ढग संपला वाटतं. पुढे विमान कुठे बदलायचंय आपल्याला?

भाची: हे उतरलं की. बाबा डोंगरातल्या गावी राहतात. तिथे गवताची धावपट्टी आहे, हे विमान नाही उतरत. तुझंच जातं, आठवड्यातून दोनदा.

आत्या: आणि त्याचे डोळे? अधू झालेत म्हणाली होतीस.

भाची: गेल्यातच जमा आहेत.

(दोन तासांनंतर. लहान विमान गवतावर उतरून थांबलं आहे. भाऊ कुंपणाच्या फाटकाशी उभा आहे.)

भाऊ: डावं इंजिन जरा जड वाजतंय. पायलटला सांगायला हवं. ताई आली का गं?

भाची: तुमच्या समोरच आहे, बाबा.

आत्या: चिमण्या, वाळलास रे. काय दिसतं तुला?

भाऊ: उजेड कळतो. पुढ्यात कुणी उभं राहिलं, की तेवढा उजेड कमी होतो. आत्ता झालाय.

आत्या: मग बाजूला होऊ का?

भाऊ: नको.