चुकणारी विद्यार्थिनी

बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या.

"परदेशात इंग्रजी शिकवायच्या नोकरीसाठी व्हिडिओ हवा होता, म्हणून तुला विद्यार्थिनी करून बसवलं. आणि आई, तू एकही उत्तर बरोबर दिलं नाहीस."

"मला मेलीला कुठलं येतंय."

"आदल्या दिवशी तर वार, रंग सगळं घडाघडा म्हणत होतीस."

"तेव्हा समोर मोबाईल नव्हता. मग, गेली का नोकरी? आता इथंच राहशील ना?"

"नाही गं, उलट आवडलं त्यांना. इतकं चुकणाऱ्या बाईला किती शांतपणे शिकवता, म्हणाले. आता आणखी एक धडा मागितलाय."

"अस्सं."

"संध्याकाळी बसू. तू फक्त अशीच चुकत राहा."

"दरवेळी काय हसं करून घ्यायचं? आज सगळं बरोबर सांगेन."