कार्डाच्या कोपऱ्यातली अक्षरं

(टेक्सासमधलं अमरिलो. शॉनाच्या स्वयंपाकघरात दोघी जावा: ड्वेनची बायको शॉना आणि त्याचा भाऊ क्लिंट याची बायको केंड्रा. टेबलावर आरोग्य विम्याची दोन कार्डं.)

केंड्रा : कंपनी तीच, कार्डसुद्धा तसंच निळं. तरी तुझ्या कोडीला कानाची मशीनं मिळाली आणि माझ्या मेसीला नकार. दोनदा! कोणाचे पाय धरलेस ते तरी सांग.

शॉना : कोणाचे धरायचे? मुलांना कानाची मशीनं द्यायचीच, असा राज्याचा कायदाच आहे.

केंड्रा : तोच मी फोनवर वाचून दाखवला. तिकडची बाई म्हणते, तुमच्या विम्याला तो लागू नाही. आम्ही काय शेजारच्या राज्यात, ओक्लाहोमात राहतो?

शॉना : थांब. माझ्या कार्डाच्या कोपऱ्यात बघ, 'टीडीआय' छापलंय. तुझ्यावर आहे?

केंड्रा : नाही. म्हणजे आमचं खोटं?

शॉना : खोटं नाही गं. टीडीआय म्हणजे राज्याचं विमा खातं. ड्वेनने आमच्या टायरच्या दुकानासाठी विमा कंपनीची पॉलिसी विकत घेतलीय, तिच्यावर राज्याचा हुकूम चालतो. क्लिंट कामाला जातो तो कारखाना मोठा. कामगारांच्या दवाखान्याचा खर्च कारखाना स्वतःच्याच खिशातून भागवतो, विमा कंपनी नुसती कागद हलवते. तिथे केंद्राचा कायदा चालतो, राज्याचा फाटकाबाहेर.

केंड्रा : आणि क्लिंट गावभर सांगत सुटलाय, भावाचं दुकान सोडलं, आता मोठ्या ठिकाणचा विमा!

शॉना : बडा घर, पोकळ वासा.

केंड्रा : टोमणे नंतर मार. ऑगस्टमध्ये शाळा सुरू होईल. बाई काय बोलते ते मेसीला अर्धंच कळतं, मग ती नुसती हसून मान डोलावते. मला बघवत नाही, शॉना.

शॉना : क्लिंटला म्हणावं, परत ये.

केंड्रा : भावाभावांचं तुला ठाऊक आहे. जीव देईल, पण येणार नाही. तुमच्या दुकानात फोन घ्यायला माणूस हवं होतं ना? मिळालं?

शॉना : कोण, तू?

केंड्रा : मी नोकरीला लागले तर मेसीही माझ्या विम्यात येईल ना?

शॉना : येईल. पण त्यासाठी आठवड्याला तीस तास भरावे लागतात. वर विमा सुरू व्हायला दोनेक महिने थांबायचं. आणि हे सगळं माझ्या हाताखाली! अगं, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला तुला मी दोन तास सहन होत नाही.

केंड्रा : नाही होत. सोमवारी किती वाजता येऊ?