पूर्वेची खिडकी

लिलावाच्या हॉलबाहेर कागदांवर सह्या करायची रांग होती. माझ्यापुढे एक नवरा-बायको, दोघांनाही धाप लागलेली.

"अगं, मिळाला! फ्लॅट आपल्याला मिळाला!"

"अहो, आपण तो विकायला आलो होतो!"

"ठाऊक आहे. पण तो लिलाववाला काय बोलत होता! पूर्वेची खिडकी, सकाळचं ऊन थेट ओट्यावर... माझा हात आपोआप वर गेला."

"तो ओटा आपलाच आहे, वीस वर्षं मीच पुसतेय!"

"तेच तर! दोन वर्षं एक गिऱ्हाईक फिरकलं नाही, मला वाटायचं घरातच काहीतरी खोट आहे. आज कळलं, काय घर आहे आपलं!"

"बरं, हात वर गेला. पण किंमत एवढी कशाला चढवलीत?"

"मी कुठे चढवली? मागे कोणीतरी हट्टालाच पेटलं होतं. मी बोली लावली रे लावली, की लिलाववाला ओरडायचा, 'खांबामागून वाढले!' मी म्हटलं, काही झालं तरी माझं घर याच्या घशात जाऊ द्यायचं नाही."

बाई हातातला कागद उलटसुलट करू लागल्या.

"आणि तू होतीस कुठे इतका वेळ?"

"खांबामागे."