खांद्यावरचा टॉवेल

टिलबर्ग पोलीस ठाणे, दि. २७ नोव्हेंबर २०२५

जबाब देणार: लतिका सुहास पाटकुलकर, वय ३६ वर्षे, धंदा – नोकरी (सॉफ्टवेअर टेस्टर), राहणार एनस्खेडे (नेदरलँड्स), मूळ गाव सोलापूर.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, एनस्खेडे येथे मी पती व मुलगी जुई यांच्यासह राहते. मला डच कामापुरते येते. आजचा विषय कामापुरता नसल्याने मी मराठीतून बोलत आहे. दुभाषी श्रीमती विशाखा फोनवर आहेत. अधिकारी श्रीमती डेकर्स लिहून घेत आहेत.

मोरेश्वर दत्तात्रय मसलेकर, वय ५४, हे माझे मावसभाऊ. मी त्यांना दादा म्हणते. सोलापुरात त्यांचा टॉवेल विणण्याचा कारखाना आहे. ते सध्या शेजारच्या खोलीत बसलेले आहेत. गोदामातून टॉवेल चोरल्याची तक्रार त्यांच्यावर आहे. तो दादांचा टॉवेल आहे, त्यांनीच विणलेला, एवढेच मला सांगायचे आहे. बाकीचे विचारले म्हणून सांगते.

मी ज्या कंपनीत काम करते ती कापडाचे डिजिटल दाखले तयार करते. सूत कोणी कातले, कापड कोणी विणले, रंग कोणी दिला, हे ज्याने त्याने डिजिटल सही करून सांगायचे. शेवटी लेबलवरचा कोड स्कॅन केला की सगळी साखळी दिसली पाहिजे. ती दिसते की नाही हे तपासणे माझे काम. या वर्षी चाचणी खऱ्या मालावर घ्यायची ठरली, कारण लुटुपुटूच्या मालावर सगळेच पास होत होते. विणणारा कोण घ्यायचा असे विचारले तेव्हा मी दादांचे नाव सुचवले. घरचा माणूस, फोन उचलतो, दहादा तेच विचारले तरी चिडत नाही.

सही करण्यासाठी अंगठ्याएवढी एक किल्ली असते, ती कॉम्प्युटरला लावायची. ती मीच कुरियरने पाठवली. दादांनी सूत मिळाल्याची सही व्यवस्थित केली; विणल्याची सही बाकी होती. नंतर खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे माग बंद ठेवून हत्यारांची पूजा करतात. पाटावर मागाचा धोटा, पाने-पकडी, कात्र्या मांडल्या होत्या आणि मधोमध ही किल्ली. शामलावहिनींनी तिला हळदकुंकू वाहिले, पाणी शिंपडले, झेंडूचे फूल ठेवले. दादांनी मला फोटो पाठवला. मी हात जोडल्याचे चिन्ह पाठवून 'छान केलीत पूजा' असे लिहिले. मला खरोखरच छान वाटले होते. इथे ऑफिसात त्या किल्लीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

श्रीमती डेकर्स यांनी विचारले की यंत्राची पूजा कशासाठी. मी सांगितले, त्याच्यावर पोट चालते म्हणून. विशाखाबाई ते डचमध्ये बराच वेळ सांगत होत्या. काय सांगितले ते मला नीट ऐकू आले नाही.

कुंकू किल्लीच्या तोंडात गेले होते. वहिनींनी ती ओल्या फडक्याने पुसली, त्यानंतर ती अजिबातच चालेना. दादांचा फोन आला, "अगं लतिका, ते किल्ली चालंना झालंय बघ. माल तर बांधून तयार आहे. थांबवू का पाठवू?" मी म्हणाले, "पाठव दादा, मी बघते इकडं." आमच्याकडे कोणी 'बघते' म्हणाले की समोरचा निर्धास्त होतो. दादाही झाले. माल विणल्याच्या सहीशिवाय जहाजावर चढला.

मी मनापासून बघितले. किल्ली गेली तर नवी मिळते, परंतु त्यासाठी तपासनीसाने कारखान्यात जाऊन यावे लागते, आणि नव्या किल्लीने आधी विणलेल्या मालावर सही करता येत नाही. ही वाट बंद आहे की नाही याची चाचणी मीच लिहिली होती. ती पास झाली तेव्हा ऑफिसात केक आणला होता. आमचे टीम लीड कुशल, हे पुण्याचे आहेत आणि आल्मेरेला राहतात, त्यांना मी फोन केला. ते म्हणाले, "लतिका, सिस्टिम बरोबर वागतेय. उद्या कोणीही उठून 'माझा भाऊ आहे' म्हणाला तर आपण सही देणार का? आपण हेच तर विकतोय." त्यांचे चूक नव्हते, आणि त्याचाच मला संताप आला.

माल टिलबर्गच्या गोदामात आला. कोड स्कॅन केला की 'विणणारा: सिद्ध नाही' असे दिसते. असा माल घ्यायचा नाही, असा खरेदीदाराचा नियम आहे. परत पाठवावा म्हटले, तर ज्याला पाठवायचा तोही सिद्ध असावा लागतो. त्यामुळे सोमवारी सगळा माल मशीनमध्ये घालून त्याच्या चिंध्या करणार आहेत.

चाचणीच्या समारोपासाठी दादांना कंपनीने आधीच बोलावले होते, व्हिसाही झालेला होता, म्हणून ते आले. कार्यक्रमात ते नवा कोट घालून शेवटच्या रांगेत बसले. त्यांचे नाव कोणी घेतले नाही. घरी येताना ट्रेनमध्ये मला म्हणाले, "एकदा बघून तरी येऊ की गं." आज मी त्यांना माझ्या कंपनीच्या पासवर गोदामात घेऊन गेले.

तपासणीसाठी एक गठ्ठा फोडलेला होता. दादांनी त्यातला एक टॉवेल काढला, उलटसुलट पाहिला, वास घेतला आणि खांद्यावर टाकला. ते कारखान्यात दिवसभर तसेच वावरतात. मग बाकीच्या गठ्ठ्यांवरून हात फिरवत हिंडले आणि टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून दारातून बाहेर पडले. त्यांच्या लक्षातही आले नाही. माझ्याही आले नाही, कारण मी त्यांना लहानपणापासून तसेच पाहिले आहे. दारावरचे यंत्र वाजले. सुरक्षारक्षकाने टॉवेलचे टोक धरले, तेव्हा दादांनी दुसरे टोक धरले. ते "माझा आहे, माझा आहे" असे मराठीत म्हणत होते. मी ते डचमध्ये सांगितले. रक्षकाने कोड स्कॅन केला आणि आम्हाला पडद्यावरचे 'सिद्ध नाही' दाखवले. त्यानंतर पोलीस आले. दादांनी कोणाला मारलेले नाही.

येथे जबाब थोडा वेळ थांबवण्यात आला. गोदामाच्या लोकांशी बोलून श्रीमती डेकर्स यांनी मला सांगितले की, टॉवेल आपला नाही असे दादांनी लिहून देऊन तो परत केल्यास गोदाम तक्रार मागे घेईल. साक्षीदाराचे, म्हणजे माझे, म्हणणे वेगळे असल्यास मालकीचा वाद होईल, प्रकरण वर जाईल आणि दादांना शनिवारच्या विमानाने जाता येणार नाही. सोमवारी मालाच्या चिंध्या होणे पोलिसांना थांबवता येते का असे मी विचारले. त्यात गुन्हा दिसत नाही, असे त्या म्हणाल्या. त्या चांगल्या बोलल्या, मला पाणीही दिले.

मला दादांना भेटू दिले. मी त्यांना सगळे समजावून सांगितले. ते म्हणाले, "मग माझा नाही म्हणून लिही की."

मी म्हणाले, "दादा, पण तुझाच आहे ना."

"त्यांच्या मशीनला ठाऊक नाही, त्याला तू काय करणार? लिही गं बाई. मला घरी जाऊ दे." थोड्या वेळाने म्हणाले, "शामलाला पूजेचं काही बोलू नको. ती मनाला लावून घेईल."

मी रडले. हे लिहू नका असे मी आधी सांगितले होते, आता लिहा म्हणते. दादांनी त्यांच्या कागदावर सही केली आहे. टॉवेल त्यांनी स्वतःच घडी घालून टेबलावर ठेवला.

सबब माझी विनंती आहे की, वरील जबाबात जिथे जिथे 'दादांचा टॉवेल' असे आले असेल, तिथे 'गोदामातील टॉवेल' असे वाचावे. तो कोणी विणला हे मला माहीत नाही.

विशाखाबाईंनी हा मजकूर मला फोनवरून पहिल्या ओळीपासून, या दुरुस्तीसह, मराठीत वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिलेला असून खरा आहे.